वीतभर जागा: कराटेवाल्यांनी जिउ-जित्सू कसं सुरू करावं

बावीस वर्षं मी शोतोकान कराटे केलं, त्यातली अकरा वर्षं शिकवलं. तिसऱ्या दानचा, म्हणजे तिसऱ्या पायरीचा, काळा पट्टा कमरेला होता. एकोणचाळिसाव्या वर्षी ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या, म्हणजे जमिनीवर पकडून, गळा किंवा सांधे आवळून लढायच्या कलेच्या, पहिल्या क्लासला गेले आणि त्याच संध्याकाळी माझ्यापेक्षा आठ किलोनं हलकी, निळ्या पट्ट्याची एक मुलगी माझ्या छातीवर आडवी पडली. मला उठता येईना. ती काही करतही नव्हती. छातीवर छाती टेकवून, खांद्यानं माझी हनुवटी एका बाजूला वळवून नुसती पडून होती. मी ढकललं, पाय झाडले, सगळा जोर लावला. दीड मिनिटात माझा दम संपला आणि तिचा श्वासही वाढला नव्हता.

कराटेत दोघांमधल्या अंतराला मा-आई म्हणतात. ते अंतर ओळखणं, राखणं, नेमक्या क्षणी तोडणं, हेच मी इतकी वर्षं शिकले आणि शिकवलं होतं. इथे अंतरच शिल्लक नव्हतं. मग ते पडल्यापडल्या, कमर सरकवत, वीत वीत तयार करावं लागतं, हे माझ्या डोक्यात शिरायला आठ महिने लागले. आता साडेपाच वर्षं झाली, कमरेला निळा पट्टा आहे. दुसऱ्या एखाद्या कलेतून जे इकडे येऊ पाहतात, त्यांचे ते आठ महिने वाचावेत एवढ्यासाठी हे लिहितेय.

क्लास निवडताना

भिंतीवरची पदकं मोजत बसू नका. परवानगी घेऊन तासभर कडेला बसा आणि शेवटचा अर्धा तास, म्हणजे रोल, नीट बघा. रोल म्हणजे इथलं स्पॅरिंग. नवख्याला कोणाबरोबर लावतात? शहाणा कोच त्याला अनुभवी, शांत माणसाकडे देतो. दोन नवखे एकमेकांवर सोडून दिले की दुखापती होतात. टॅप, म्हणजे हार मानल्याची थाप, मिळताच समोरचा हात सोडतो की अर्धा सेकंद आणखी दाबून घेतो? तो अर्धा सेकंद मला तरी खूप काही सांगून जातो. आणि टॅप करणाऱ्याचा चेहरा कसा आहे? हसून पुन्हा हात मिळवत असतील तर तिथे शिकता येईल.

कोचला काळा पट्टा कोणी दिला हे बेधडक विचारा. या खेळात हा प्रश्न उद्धट समजत नाहीत. आपला गुरू, त्याचा गुरू, अशी साखळी बहुतेकांना पाठ असते. ती मागे मागे नेलीत तर बहुधा मित्सुयो माएदापाशी पोहोचते. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये स्थापन केलेल्या कोदोकान या शाळेतला हा ज्युदोपटू 1914 मध्ये ब्राझीलला पोहोचला आणि पुढे बेलेममध्ये स्थायिक झाला. कार्लोस ग्रेसी त्याच्याच परंपरेत शिकला आणि भावांना बरोबर घेऊन त्यानं ती रिओत वाढवली. लुईझ फ्रान्सा आणि ओस्वाल्दो फाद्दा यांची दुसरी शाखाही माएदापासूनच निघते. एक कला अंगात मुरलेला माणूस परक्या देशात गेला, तिथून हे सगळं सुरू झालं. पहिल्या काही आठवड्यांत परकं परकं वाटत असताना मला या गोष्टीनं खरंच धीर दिला.

तुमचं आधीचं शिक्षण कोचला एका वाक्यात सांगून टाका, लपवू नका. त्याला तुमच्या सवयींचा अंदाज येतो. पट्टा मात्र पांढराच बांधा. माझा काळा पट्टा मी सोडलेला नाही, मुलांना कराटे शिकवताना अजून बांधते. पण जिउ-जित्सूच्या मॅटवर तो माझा नाही.

गी आणि नखं

कराटेची गी, म्हणजे सरावाचा पोशाख, इथे चालत नाही. ती ठोसा-लाथेसाठी शिवलेली असते, ओढाताणीसाठी नव्हे. माझी तिसऱ्याच क्लासला काखेपासून बरगडीपर्यंत उसवली. जिउ-जित्सूच्या गीचं कापड जाड विणीचं आणि कॉलर दोरखंडासारखी भरीव असते, कारण प्रतिस्पर्धी तिथेच पकडणार असतो. मापाला किंचित सैल घ्या, धुतल्यावर आटते. गरम पाण्यात धुवू नका. आठवड्यातून तीनदा जायचं असेल तर दोन गी लागतातच, जाड कापड एका रात्रीत वाळत नाही. आत अंगाला घट्ट बसणारा रॅश गार्ड घाला आणि पहिल्या दिवसापासून माउथगार्ड.

हाताची आणि पायाची नखं दर दोन-तीन दिवसांनी कापा. अंगठी, कानातलं, गळ्यातलं काढून ठेवा. केस लांब असतील तर धातूची पिन न लावता घट्ट वेणी घाला. मॅटवर चप्पल नाही आणि स्वच्छतागृहात अनवाणी नाही. क्लासनंतर लवकरात लवकर साबणानं आंघोळ, आणि गीबरोबर पट्टाही धुवा. पट्टा धुवू नये अशी समजूत मी कराटेतून बरोबर आणली होती. दुसऱ्या महिन्यात दंडावर गजकर्ण उठल्यावर ती गेली. अंगावर गोल लालसर चट्टा किंवा पिकलेला फोड दिसला तर डॉक्टरांना दाखवा आणि बरा होईपर्यंत मॅटवर जाऊ नका. तुमच्या एका चट्ट्याचे आठवड्यात पाच चट्टे होतात.

पहिले तीन महिने खाली

तुम्ही बहुतेक वेळ खाली असणार आहात. तेव्हा खाली राहायला शिका. हल्ल्याचे डाव शिकण्याची घाई मीही केली. व्हिडिओ बघून त्रिकोणी चोक, म्हणजे पायांनी गळा आवळण्याचा डाव, पाठ केला आणि तो लावण्याच्या जागेपर्यंत एकदाही पोहोचले नाही. त्या तीन महिन्यांत फक्त साइड कंट्रोलमधून, म्हणजे छातीवर आडव्या पडलेल्या माणसाखालून, सुटणं शिकले असते तर बरं झालं असतं. म्हणून तेवढी एक गोष्ट सावकाश सांगते.

समजा तुम्ही पाठीवर आहात आणि समोरची व्यक्ती तुमच्या उजव्या बाजूनं आडवी, छातीवर छाती टेकवून आहे. तिचा एक हात तुमच्या मानेखाली आहे आणि खांदा तुमच्या गालावर. आधी श्वास पूर्ण सोडा. घाबरलेला माणूस श्वास घेतच राहतो, छाती फुगते आणि वरचं वजन दुप्पट वाटतं. सोडलात की पुढचा श्वास आपोआप पोटात जातो.

मग हात. डाव्या हाताची कोपरापासून मनगटापर्यंतची हाडाची कड तिच्या गळ्याशी, हनुवटीखाली आणा. उजव्या हाताची तीच कड तिच्या खुब्याच्या हाडाशी. दोन्ही कोपरं तुमच्या बरगड्यांना लागून. याला फ्रेम म्हणतात. हातांनी ढकलायचं नाही. दाराला अडसर लावतात तसे ते तिथे नुसते असू द्यायचे. स्नायू थकतो, हाड थकत नाही.

आता टाचा ढुंगणाजवळ ओढा, पाय जमिनीत रोवा आणि कमर तिच्या दिशेनं वर उचला. हा ब्रिज. यानं ती उलटणार नाही, फक्त तिचं वजन क्षणभर हलकं होईल. कमर खाली येतानाचा तो क्षण तुमचा आहे. त्याच वेळी पायांनी जमीन ढकलून कमर डावीकडे, तिच्यापासून लांब सरकवा आणि उजव्या कुशीवर, तिच्याकडे तोंड करून वळा. फ्रेम जागेवर असेल तर ती तुमच्यामागे लगेच येऊ शकत नाही, आणि तुमच्या पोटात नि तिच्या खुब्यात वीतभर जागा उघडते. त्या जागेत उजवा गुडघा घाला, आपल्या उजव्या कोपराला भिडेपर्यंत. गुडघा आत गेला की अर्धं काम झालं; कमर पुन्हा एकदा सरकवा, दुसरा पाय आत आणा आणि गार्डमध्ये या, म्हणजे ती तुमच्या पायांच्या पुढ्यात.

बहुतेकांचं इथे चुकतं ते क्रमात. कमर सरकवण्याआधीच ते हातांनी जागा करू बघतात. छातीवर पडलेलं वजन हातांनी उचलता येत नाही. आपणच वजनाखालून निघायचं असतं. घरी रोज पाच मिनिटं नुसती कमर सरकवा, डावीकडे दहा, उजवीकडे दहा. इथे याला श्रिंप म्हणतात. काता, म्हणजे कराटेतला ठरलेल्या हालचालींचा क्रम, हजार वेळा करायची सवय असलेल्या माणसाला हे जड जाऊ नये, आणि याबाबतीत आपण बाकीच्यांच्या पुढे असतो असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आपल्या सवयी

माझ्या वहीत पहिल्या तीन महिन्यांत "सरळ हात" हे दोन शब्द एकोणीस वेळा लिहिलेले आहेत. प्रत्येक क्लासनंतर कशात अडकले ते मी एका ओळीत लिहायचे. एकोणीस वेळा तीच ओळ. ठोसा मारणारा माणूस अडचणीत आला की हात लांब करतो. कोणी पोटावर बसलं की मी दोन्ही तळवे त्याच्या छातीवर लावून ढकलायचे, आणि सरळ झालेला हात म्हणजे निम्मा लागलेला आर्मबार, कोपर उलटं ताणणारा डाव. समोरच्यानं फक्त पाय माझ्या डोक्यावरून फिरवायचा, गुडघे आवळायचे आणि कमर कोपराखाली आणायची. यावर इलाज सोपा आहे पण अंगवळणी पडायला वेळ लागतो: कोपरं बरगड्यांपासून सुटू देऊ नका. एक महिना रोल करताना दुसरं काही नाही, फक्त कोपरं सांभाळा.

दुसरी सवय किमेची. ठोशाच्या टोकाला अख्खं शरीर क्षणभर आवळायचं, हे आपण वर्षानुवर्षं घोटलेलं असतं. मॅटवर ते आवळणं सुटतच नाही, पाच मिनिटं तसंच राहतं आणि हाताची बोटंसुद्धा उघडेनाशी होतात. तोंड मिटून, फक्त नाकानं श्वास घेत रोल करा. तोंड उघडावं लागलं तर वेग कमी करा. याहून चांगला मापक मला सापडलेला नाही.

12 नोव्हेंबर 1993 रोजी डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या कलांच्या लढवय्यांची स्पर्धा, झाली. तिच्यात जिउ-जित्सूवाल्या रॉयस ग्रेसीसमोर आर्ट जिमरसन हा व्यावसायिक बॉक्सर एकाच हातात ग्लव्ह घालून उतरला होता. रॉयसनं त्याला खाली घेतलं, पोटावर बसला आणि कुठलाही चोक किंवा सांध्याचा लॉक लागलेला नसताना जिमरसननं टॅप केलं. पूर्वी ती लढत मला कळायची नाही. आता कळते. अंतर गेल्यावर ठोसा मारणाऱ्याकडे काय उरतं, ते त्या एका टॅपमध्ये आहे.

ज्युदोवाल्यांची अडचण वेगळी. फेक त्यांना येते, पडायला भीती नसते, पकड तर आमच्यापेक्षा कितीतरी चांगली. पण संकटात ते पालथे पडून कासव होतात, कारण ज्युदोत थोडा वेळ तग धरला की पंच उभं करतो. इथे कोणी उभं करत नाही, आणि मोकळी पाठ म्हणजे सगळ्यात मोठं दान. कुस्तीवाल्यांचं मन याहून अवघड जागी अडकतं. पाठ टेकली की हरलो हे त्यांच्या हाडात असतं. इथे पाठ टेकल्यावर गार्डचा खेळ सुरू होतो. त्यांनी मुद्दाम दोन महिने प्रत्येक रोल पाठीवर पडूनच सुरू करावा. आणि पायांत शिरताना डोकं खाली घालू नये, मान गिलोटिनमध्ये, म्हणजे पुढून मान आवळणाऱ्या चोकमध्ये, सापडते.

कराटेचं काय कामाला येतं? कमरेची फिरकी, तोल, सराव करत राहण्याची चिकाटी, आणि उभ्यानं खेळताना अंतराची जाण. समोरचा पकड घ्यायला हात पुढे करतो ते मला त्याच्या खांद्यात आधी दिसतं. हे कोणी काढून घेत नाही.

टॅप

दोनदा थाप, समोरच्याच्या अंगावर, त्याला जाणवेल अशी. हात अडकले असतील तर पायानं मॅटवर, नाहीतर तोंडानं मोठ्यानं "टॅप". चोक आणि लॉक यांतला फरक पहिल्याच आठवड्यात समजून घ्या. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की काही सेकंदांतच शुद्ध जाते आणि कधी कधी फारसं दुखतही नाही. सांध्याच्या लॉकमध्ये दुखण्याची वाट बघितलीत तर उशीर होतो. टाच पिळून गुडघ्याला इजा करणारा हील हुक यात सगळ्यात वाईट, दुखेपर्यंत अस्थिबंध गेलेले असतात. पांढऱ्या पट्ट्यांना आयबीजेजेएफ या जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत तो म्हणूनच वर्ज्य आहे. सरावातही कोणी लावू लागलं तर सरळ नाही म्हणा.

पाचव्या महिन्यात एका वीस वर्षांच्या मुलानं मला आर्मबार लावला. त्यानं काही गैर केलं नाही, हळूच लावला होता. मला सुटायचा रस्ता दिसतोय असं वाटलं, अकरा वर्षं शिकवणारी मी एका पोराला टॅप कशी देऊ हेही मनात आलं, आणि कोपरात ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. सहा आठवडे मॅट बंद. ते सहा आठवडे मी कडेला बसून बघत राहिले.

त्याच काळात कोचनी किमुराची गोष्ट सांगितली. 23 ऑक्टोबर 1951, रिओचं माराकानां स्टेडियम. एलिओ ग्रेसीसमोर जपानचा मासाहिको किमुरा. किमुरानं ज्युदोत उदे-गारामी म्हणतात तो हात पिळण्याचा डाव लावला, एलिओनं टॅप केलं नाही, शेवटी भाऊ कार्लोसनं कडेवरून टॉवेल टाकला. तो डाव जगभर आता किमुरा याच नावानं ओळखला जातो. एलिओच्या निग्रहाबद्दल मला आदर आहे. पण ती हजारो प्रेक्षकांसमोरची लढत होती, तुमचा मंगळवारचा क्लास तसा नाही. मंगळवारी टॅप करा आणि गुरुवारी परत या.

किती, कोणाबरोबर

आठवड्यातून दोन ते तीन दिवस. चाळिशीच्या आसपास असाल तर त्याहून जास्त नको, निदान पहिलं वर्षभर. मान आणि बोटं आधी कुरकुरतात. बोटांना टेप लावा, आणि कॉलरची पकड सुटत असेल तर सोडून द्या, हट्टानं धरून ठेवली की बोटाचा सांधा जातो. कान चोळला जाऊन सुजला, मऊ लागला तर लगेच डॉक्टरांकडून आतलं साचलेलं काढून घ्या, नाहीतर तो तसाच कडक होतो.

बायकांसाठी थोडं वेगळं. क्लासमध्ये बहुतेक पुरुष असतील आणि बरेच जण तुमच्याहून वीस-तीस किलोनं जड. जड माणूस टाळायचा नसतो. बेफाम माणूस टाळायचा असतो. पंच्याण्णव किलोच्या एका जांभळ्या पट्ट्यानं मला हाफ गार्ड, म्हणजे समोरच्याचा एक पाय आपल्या पायांत अडकवणं, शिकवला, त्याचं पूर्ण वजन माझ्यावर कधीच पडलं नाही. उलट साठ किलोचा एक नवखा मुलगा दर वेळी गुडघा माझ्या बरगडीत घालायचा. मी त्याला दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा रोलला नाही म्हटलं. नाही म्हणायला कारण द्यावं लागत नाही, आणि चांगल्या क्लासमध्ये कोणी विचारतही नाही.

पट्ट्याची घाई असेल तर थोडं अवघड जाईल. पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा, काळ्यापर्यंत मोठ्यांचे एवढेच रंग; दोन रंगांमध्ये पट्ट्यावर चिकटवायच्या चार-चार छोट्या पट्ट्या. निळ्यावर किमान दोन वर्षं, जांभळ्यावर दीड, तपकिरीवर एक, असा आयबीजेजेएफचा नियम आहे, प्रत्यक्षात बहुतेकांना याहून खूप जास्त लागतात. मला निळा अडीच वर्षांनी मिळाला.

स्पर्धा वर्षभरानंतर एकदा तरी खेळा. पांढऱ्या पट्ट्याची लढत पाच मिनिटांची. पाडणं, स्वीप (गार्डमधून वरच्याला उलटवणं) आणि पोटावर गुडघा यांना दोन गुण, गार्ड पार करण्याला तीन, माउंट (पोटावर बसणं) आणि पाठीचा ताबा यांना चार. जागा तीन सेकंद टिकवली तरच गुण. उडी मारून गार्ड बांधू नका, पांढऱ्या पट्ट्याला बंदी आहे. मी पहिली लढत दोन गुणांनी हरले आणि चौथ्या मिनिटाला वर सांगितलेल्या पद्धतीनंच साइड कंट्रोलमधून सुटले. परत जाताना मला ते सुटणंच आठवत होतं.

कोणी नवीन आलं की

काही महिन्यांनी तुमच्याही खाली कोणीतरी पहिल्या दिवशी येईल. गेल्या महिन्यात माझ्याकडे तायक्वांदोची एक मुलगी दिली, चांगली खेळाडू, लाथ बघत राहावी अशी. मी साइड कंट्रोलमध्ये गेले आणि तिनं दोन्ही हात सरळ करून मला ढकललं. आर्मबार समोर होता. अशा वेळी तो घेऊ नका. मी तिची कोपरं धरून तिच्या बरगड्यांना लावली, म्हटलं, आधी श्वास सोड. तिनं सोडला. मग वजन निम्मं ठेवून तसंच राहायचं, बोलायचं फार नाही, तिची कमर कुठे सरकते तेवढं बघायचं आणि सरकली की मागे धावायचं नाही. चौथ्या खेपेला तिचा गुडघा माझ्या पोटाशी आत आला आणि तिथेच थांबून ती म्हणाली, "आता काय करू?"

"दुसरा पाय," मी म्हटलं.